टाकीतला आकडा कोणाचा?

पेट्रोल पंपावर गिऱ्हाइकाला दिसते ते सारे जमिनीच्या वर असते. रंगवलेली यंत्रे, पळणारे आकडे, नोझल हाती धरलेला मुलगा आणि दराचा फलक. ज्या मालावर हा सारा व्यवहार उभा असतो तो मात्र पायाखाली पुरलेल्या पोलादी टाक्यांत असतो, आणि त्याचा हिशेब कित्येक वर्षे एका धातूच्या पट्टीवर चालत आला. सकाळची पाळी सुरू होताना टाकीचे झाकण उघडायचे, खुणा केलेली पट्टी सरळ तळापर्यंत सोडायची, वर काढायची आणि ओल कुठवर आली ते पाहून आकडा वहीत लिहायचा. पंपाच्या बोलीत याला ‘डिप घेणे’ म्हणतात. मग टाकीसोबत आलेल्या तक्त्यावरून सेंटिमीटरांचे लिटर करायचे, आदल्या दिवसाचा साठा, आलेला माल आणि झालेली विक्री यांच्याशी ते ताडायचे, आणि जी तूट राहील ती ‘उडून गेले’ या सदरात टाकायची. पेट्रोल उडून जाते हे खरेच आहे. परंतु या देशात जितके पेट्रोल कागदावर उडाले तितके हवेत उडाले असेल असे मानण्यास मन धजत नाही.

या पद्धतीत लबाडी नसली तरी चूक होतेच. टाकी आडव्या ठेवलेल्या पिंपासारखी गोल असल्यामुळे तिच्यातील प्रत्येक सेंटिमीटरची किंमत सारखी नसते. दोन मीटर व्यासाची, वीस हजार लिटरची टाकी घेतली, तर मध्यावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे १२७ लिटर. तळापासून दहा सेंटिमीटरवर तेच माप सुमारे ५५ लिटर भरते. पट्टी किंचित तिरकी गेली, वाचणाऱ्याचा डोळा बोटभर चुकला, की शेकडो लिटर कागदावर निर्माण होतात किंवा नाहीसे होतात. त्यात तापमानाची भर. पेट्रोलचे आकारमान एका अंशाला हजारी सुमारे १.२ या प्रमाणात वाढते. म्हणजे भरलेल्या वीस हजार लिटरच्या टाकीत दहा अंशांच्या फरकाने २४० लिटरचा फरक पडतो. विदर्भातील उन्हाळ्यात तापलेला टँकर जमिनीखालच्या थंड टाकीत रिकामा झाला, की चोरी न होताही माल घटतो. अशा वेळी पंपचालक डेपोकडे बोट दाखवतो, डेपो टँकरच्या चालकाकडे, आणि चालक, ज्याच्याकडे बोट दाखवायला कोणी उरलेले नसते, तो उन्हाकडे.

या पट्टीची जागा आता स्वयंचलित पातळीमापकाने घेतली आहे. त्याची रचना सुबोध आहे. टाकीत वरपासून तळापर्यंत एक पोकळ दांडी उभी असते, तिच्यात एक तार ताणलेली असते आणि दांडीवर चुंबक बसवलेले दोन तरंगणारे गोळे सरकत असतात. एक इंधनाच्या पृष्ठभागावर तरंगतो; दुसरा इंधनात बुडेल पण पाण्यावर तरंगेल इतक्या वजनाचा असल्यामुळे तळाच्या पाण्यावर बसतो. तारेतून विजेचा क्षणिक स्पंद सोडला की चुंबकाजवळ तारेला सूक्ष्म पीळ पडतो, आणि त्या पिळाची लहर सेकंदाला सुमारे २,८०० मीटर वेगाने वरच्या टोकाकडे परतते. लहरीला लागलेल्या वेळावरून गोळा कोठे आहे ते कळते, तेही मिलिमीटरपेक्षा सूक्ष्म अचूकतेने. दांडीवर निरनिराळ्या उंचीवर तापमापक असतात, त्यामुळे उष्णतेचा फरकही त्याच क्षणी वजा करता येतो. हे माप अहोरात्र घेतले जाते, आणि दुसऱ्या तारेने प्रत्येक नोझलची विक्रीही त्याच संगणकात येऊन पडते. सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांनी गेल्या दीड दशकात आपल्या बहुतेक पंपांवर ही व्यवस्था उभी केली. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे दर रोज सकाळी सहाला बदलू लागले. हजारो पंपांवर एकाच घटकेस दर बदलणे या यंत्रणेवाचून फार अवघड गेले असते.

परंतु सोय हे या यंत्रणेचे एकच कारण नव्हते. तिच्यामागे माणसांचे रक्तही आहे, आणि त्याचे विस्मरण होणे बरे नव्हे. लखनौच्या आयआयएममध्ये शिकलेला आणि इंडियन ऑइलमध्ये विक्री अधिकारी असलेला मंजुनाथ षण्मुगम हा २७ वर्षांचा तरुण उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यात पंपांवरील मालाचे नमुने तपासत असे. भेसळ सापडलेला पंप त्याने बंद करवला होता. पुन्हा तपासणीस गेला तेव्हा, नोव्हेंबर २००५ मध्ये, त्याची गोळ्या घालून हत्या झाली. महाराष्ट्राला तर इतके दूर पाहण्याचे कारणच नाही. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडीच्या परिसरात जिवंत जाळण्यात आले. रस्त्याकडेला चाललेली इंधनाची अफरातफर त्यांच्या दृष्टीस पडली आणि ते थांबले, एवढाच त्यांचा अपराध. रेशनचे स्वस्त रॉकेल आणि महाग डिझेल यांच्या किमतींत जे अंतर होते त्या अंतरात एक समांतर धंदा वसला होता, आणि त्या धंद्याला हातात वही घेतलेला एकटा अधिकारी हा सर्वांत सोपा अडथळा वाटत होता.

सोनवणे यांच्या वाटेवर असा एखादा मापक असता तर त्यांचे प्राण वाचले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तो प्रकार पंपाच्या टाकीत नव्हे, उघड्या रस्त्यावर घडत होता. परंतु या दोन्ही घटनांनी एक गोष्ट उघड केली. जी तपासणी एका माणसाने प्रत्यक्ष जाऊनच करावी लागते, ती त्या माणसाला विकत घेऊन, धमकावून किंवा मारून थांबवता येते. टाकीत उभी असलेली दांडी लाच घेत नाही, बदलीला भीत नाही आणि तिला घरी मुलेबाळे नसतात. रात्री दोन वाजता टँकरचे चलन नसताना टाकीची पातळी वर चढली, तर त्याची नोंद त्या पंपापासून शेकडो कोस दूर असलेल्या कार्यालयात होते, आणि ती नोंद करणाऱ्याचा पत्ता कोणा गुंडाला शोधता येत नाही.

मापकाची दृष्टी मात्र एका अर्थी अधू आहे. किती आहे हे तो सांगतो. काय आहे हे सांगत नाही. टँकरमध्येच वाटेत भेसळ झाली आणि चलनावर लिहिलेले बारा हजार लिटर टाकीत बरोबर बारा हजार उतरले, तर त्याच्या लेखी सर्व काही यथास्थित असते. तेथे घनतेची तपासणीच उपयोगी. माल उतरवताना नमुना घ्यायचा, त्याची घनता १५ अंश तापमानाला आणून चलनावरील आकड्याशी ताडायची आणि घनमीटरला तीन किलोहून अधिक फरक दिसला तर माल घ्यायचा नाही, हा नियम जुनाच आहे. तो पाळायला काचेची नळी, एक घनतामापक आणि एक सचोटीचा माणूस लागतो. पहिल्या दोन वस्तू प्रत्येक पंपावर असतात.

यापुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तो तंत्राचा नाही. एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेशच्या विशेष पोलीस पथकाने लखनौतील पंपांवर छापे घातले, तेव्हा विक्रीच्या यंत्रांत बसवलेल्या चिप सापडल्या. पडद्यावर पुरे लिटर दिसे, गाडीत मात्र कमी पडे. पाठोपाठ ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने त्याच वर्षी महाराष्ट्रातील निरनिराळ्या जिल्ह्यांत धाडी घातल्या आणि येथेही तोच खेळ चालल्याचे आढळले. या प्रकरणात पोलिसांना श्रेय द्यावे तितके थोडे. तथापि साध्या अंकगणिताने विचार करणाऱ्याला एक शंका येते. समजा, एखाद्या पंपाचे यंत्र दिवसाला पाच हजार लिटर विक्री दाखवते आणि प्रत्यक्षात शेकडा तीनने कमी देते. म्हणजे टाकीतून ४,८५० लिटरच बाहेर पडते. रोज दीडशे लिटर, दहा दिवसांत दीड हजार लिटर ‘जास्तीचे’ टाकीत साठते. गिऱ्हाइकाच्या टाकीत न गेलेले पेट्रोल अखेर कोठे तरी असलेच पाहिजे! चोराने ते टाकीतच ठेवले, तर विक्री आणि साठा यांचा मेळ बसत नाही. रात्री पिंपात भरून काढले, तर नोझल न उचलता पातळी उतरल्याची नोंद होते. डेपोतून तितका माल कमी उचलला, तर महिनाअखेर खरेदीपेक्षा विक्री अधिक भरते, आणि हा चमत्कार तर चौथीतल्या मुलालाही खटकावा. म्हणजे ज्या चोरीसाठी पोलिसांना यंत्रे उघडावी लागतात, तिचा पुरावा जेथे टाकीचा मापक नीट चालू आहे तेथे दररोज आपोआप लिहिला जातो. तो वाचणारा हवा.

टाकीतला आकडा पंपचालकाला दिसतो आणि कंपनीला दिसतो. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला तो दिसत नाही. ग्राहकाच्या हाती कायद्याने दिलेले साधन म्हणजे वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप. संशय आला तर कोणीही ते मागावे आणि त्यात इंधन ओतून घ्यावे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची चूक क्षम्य मानली जाते. हक्क उत्तम आहे. परंतु मागे दहा दुचाकी भोंगे वाजवत असताना, शंभर रुपयांचे पेट्रोल घ्यायला आलेल्या शिक्षकाने किंवा कारकुनाने तो बजावावा ही अपेक्षा ज्यांनी केली त्यांनी सायंकाळी सहा वाजता पंपावर रांग लावून पाहिलेली नसावी. शिवाय चिपवाले यंत्र गरज पडताच खरे माप देऊ लागेल अशीही योजना करता येते. टाकीला असे दोन चेहरे ठेवता येत नाहीत. म्हणूनच साठा आणि विक्री यांच्या मेळाचा दैनिक ताळेबंद वैधमापन निरीक्षकाच्या कार्यालयात आपोआप पोहोचावा आणि त्यातील विसंगतीवरून कोणता पंप आधी तपासायचा हे ठरावे, ही मागणी अवाजवी नाही. आणि ‘त्या काळात जोडणी तुटली होती’ या सबबीचे काय? तुटलेली जोडणी हीदेखील एक नोंद आहे. ती नेमकी कोणत्या पंपावर, कोणत्या वेळी आणि किती वेळा तुटते, हे पाहिले म्हणजे पुष्कळ कळते.

प्रामाणिक पंपचालकालाही हे हितकारक आहे. टँकरमधून माल कमी आला ही त्यांची जुनी तक्रार. पट्टीच्या भरवशावर ती सिद्ध करता येत नसे. आता उतरवण्यापूर्वीची आणि नंतरची पातळी, तापमानासह, कागदावर येते. या धंद्यातील सारी जोखीम गिऱ्हाइकाच्याच माथी असते असेही नाही. २१ मे २०२२ रोजी केंद्राने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे आठ रुपयांनी उतरवले, तेव्हा वीस हजार लिटर जुन्या दराने भरून ठेवणाऱ्या पंपचालकाचे रात्रीत एक लाख साठ हजार रुपये बुडाले. त्या ३१ मे रोजी महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील पंपचालकांनी डेपोतून माल न उचलून आपला निषेध नोंदवला. पूर्वी दरवाढीच्या आदल्या रात्री ‘साठा संपला’ अशा पाट्या लागत, त्याची भरपाई नियतीने अशी केली, असे कोणी म्हणेल. पण शिल्लक साठ्याचा निर्विवाद आकडा हाताशी असताना अशा तोट्याचा विचार न्यायाने करणे सरकारला मुळीच अशक्य नाही.

पावसाळ्यात या मापकाची खरी परीक्षा होते. झाकणाची चकती झिजलेली असते, टाकीभोवतीचा खड्डा पाण्याने भरतो आणि पाणी आत शिरते. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशात रतलामजवळ मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातील १९ गाड्या डिझेल भरल्यावर काही अंतरातच बंद पडल्या. डिझेलमध्ये पाणी निघाले. पंपाला तत्काळ टाळे लागले. सामान्य माणसाची गाडी बंद पडली असती तर टाळे इतक्या तत्परतेने लागले असते काय, हा विचार बाजूस ठेवू. डिझेलच्या तळाशी साचलेले पाणी दुसऱ्या गोळ्याला ओळखता येते. पेट्रोलचे तसे राहिलेले नाही. त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. थोडे पाणी आले तर ते मिश्रणात विरघळून जाते आणि कोणालाच दिसत नाही. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जाते आणि तेथे एक वेगळाच थर तयार होतो. हा थर शुद्ध पाण्यापेक्षा हलका असतो. पाण्याच्या घनतेवर बेतलेला जुना गोळा त्याच्यावर न तरंगता त्यातच बुडून राहू शकतो, आणि संगणकाच्या पडद्यावर पाणी ‘शून्य’ दिसते. या थराला ओळखणारे निराळे गोळे मिळतात, पट्टीला लावण्याचा लेपही निराळा मिळतो. इंधनाचे धोरण बदलताना साखर कारखान्यांपासून मोटार कंपन्यांपर्यंत सर्वांचा विचार झाला. टाकीतल्या या छोट्या गोळ्याचाही तितक्याच आस्थेने झाला पाहिजे. कोकणात चार महिने जमीन ओली असते, हे दिल्लीला कोणीतरी सांगावे.

पाणी आत येते त्या वाटेने इंधन बाहेरही जाते. अमेरिकेने या धोक्याची दखल १९८४ च्या कायद्याने घेतली आणि १९८८ च्या नियमांनी भूमिगत टाक्यांना गळती ओळखण्याची व्यवस्था सक्तीची केली. जुन्या टाक्या सुधारण्यास २२ डिसेंबर १९९८ ही अखेरची तारीख दिली. तेथे मापकाची जी कसोटी ठरली ती पाहण्याजोगी आहे: तासाला ०.२ गॅलन, म्हणजे पाऊण लिटरची गळती त्याला ओळखता आली पाहिजे. इतक्या बारीक गळतीसाठी एवढा आटापिटा कशासाठी, याचे उत्तर सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये मिळाले. पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा एमटीबीई हा पदार्थ भूजलात उतरला आणि शहराला आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. जवळपास निम्मे पाणी गेले. आपल्याकडेही हे दुखणे अपरिचित राहिलेले नाही. गोव्यात वास्कोजवळ चिखली येथे २०२४ च्या आरंभी विहिरींच्या पाण्यात इंधन आढळले. तेथे संशय भूमिगत वाहिनीवर होता, पंपाच्या टाकीवर नव्हे. पण विहिरीला तो भेद कळत नाही. दख्खनच्या काळ्या खडकातील भेगांतून पाणी ज्या मार्गाने वाहते त्याच मार्गाने तेलही वाहते, आणि ज्या गावात पंप आहे त्याच गावात बहुधा विहीर असते. गळती पहिल्यांदा कंपनीच्या संगणकाला कळते. ती गावाला किती दिवसांत कळावी, हे कायद्याच्या भाषेत स्पष्ट लिहिलेले असावे.

आकडे खुले करण्याचा आग्रह धरताना एक भेद मात्र करावा लागेल. जानेवारी २०१५ मध्ये संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांना असे आढळले की सुमारे ५,८०० पातळीमापक, त्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेतील, कसलाही परवलीचा शब्द नसताना इंटरनेटवर उघडे पडले होते. जगातल्या कोणत्याही खोलीत बसून त्यांतील आकडे वाचता येत होते, धोक्याची मर्यादाही बदलता येत होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये इराणमध्ये सायबर हल्ल्याने देशभरचे पंप एकाच दिवशी ठप्प झाले. आकडा दाखवणे आणि यंत्राची किल्ली हाती देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कंपन्या पहिली नाकारतात तेव्हा बहुधा दुसरीचे भय दाखवतात.

१ आणि २ जानेवारी २०२४ रोजी मालमोटार चालकांनी संप केला, तेव्हा महाराष्ट्रातील शहरांत पंपांपुढे मैलमैल रांगा लागल्या. कोणत्या पंपाच्या टाकीत किती माल आहे, हे त्या रात्री कंपन्यांच्या संगणकांना ठाऊक होते. रांगेतल्या माणसाला ते सांगणारी होती ती केवळ अफवा. साठा जाहीर केल्याने घबराट वाढेल असे अधिकारी म्हणतात, आणि एकेका पंपाचा आकडा जाहीर केला तर ते खरेही ठरेल. ब्रिटनमध्ये २०२० पासून निवडक पंपांच्या साठ्याची सरासरी सरकारी आकडेवारीत प्रसिद्ध होऊ लागली. तशीच जिल्हावार सरासरी येथे रोज सकाळी सहाला, नव्या दरासोबतच, जाहीर करता येईल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवी तारही ओढावी लागत नाही.